रेलिगेट : 'कुठे पाठवले?' हे विचारायला लावणारे इंग्रजी क्रियापद

इंग्रजी वर्तमानपत्राचे क्रीडापान, उच्च न्यायालयाचा आदेश आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील कॅडेटची नोंद, या तिन्ही ठिकाणी 'रेलिगेट' हे क्रियापद हमखास भेटते. शब्दकोश उघडला की 'पदावनत करणे, खालच्या दर्जावर नेणे' असा अर्थ सापडतो. तो घेऊन वाक्ये लावायला बसले, तर क्रीडापानावरचे वाक्य कसेबसे लागते, कॅडेटचे अर्धे लागते आणि न्यायालयाचे मुळीच लागत नाही. दोष शब्दकोशाचा नाही. या क्रियापदाचा कणा 'पद' नसून 'ठिकाण' आहे, एवढी एकच गोष्ट त्या नेमक्या अर्थात दिसत नाही. ती धरून पुढे गेलात, तर तिन्ही वाक्ये आपोआप लागतील आणि स्वतःची वाक्येही चुकणार नाहीत.

पायरी १ : उच्चार आणि स्पेलिंग आधी पक्के करा

अक्षरे आठ : आर, ई, एल, ई, जी, ए, टी, ई. चार स्वरांपैकी तीन 'ई' आणि एकच 'ए'. आपण 'रेलि' असे म्हणतो, म्हणून हात नकळत 'एल'नंतर 'आय' लिहितो. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. दुसरी चूक म्हणजे दोन 'एल'. एल एकच आहे.

उच्चारात जोर पहिल्या अवयवावर द्यायचा : 'रे' ठसठशीत, 'लि' हलके आणि ऱ्हस्व, 'गेट' दाराच्या गेटसारखे. शब्दाची सुरुवात 'री' या उपसर्गासारखी दिसते म्हणून 'रिलीगेट' म्हणण्याचा मोह होतो, तो टाळा. 'रिलिजन'च्या सवयीने 'रेलिजेट' म्हणू नका. इथला 'जी' कठोर आहे, म्हणजे 'ग'. भूतकाळी रूपाचा शेवट 'टेड' असा स्वतंत्र ऐकू आला पाहिजे : रेलिगेटेड. नाम करताना जोर सरकतो. 'रेलिगेशन'मध्ये तो 'गे'वर येतो, जसा 'एज्युकेट'पासून 'एज्युकेशन' होताना 'के'वर येतो.

पायरी २ : अर्थ मुळापासून घ्या

लॅटिनमध्ये 'लेगारे' म्हणजे काम किंवा अधिकार सोपवून पाठवणे. 'रे' म्हणजे मागे, दूर. दोन्ही मिळून 'दूर पाठवून देणे'. रोमन कायद्यात 'रेलेगातिओ' नावाची शिक्षाच होती. माणसाला रोममधून बाहेर काढायचे, कधी एखाद्या ठरावीक जागी राहायला लावायचे, पण त्याचे नागरिकत्व काढून घ्यायचे नाही. याहून कडक शिक्षेत नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही जात. कवी ओव्हिड याला सम्राट ऑगस्टसने इ. स. ८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या तोमिस या गावी पाठवले. आजच्या रुमानियातील कोन्स्तान्त्सा ते हेच. आपण 'रेलेगातुस' आहोत, नागरिकत्व गमावलेले निर्वासित नाही, हा फरक ओव्हिडने आपल्या कवितेत ठासून नोंदवला आहे. त्याच्या दृष्टीने तो शब्दांचा कीस नव्हता. नागरिकत्व शाबूत होते आणि ठिकाण तेवढे बदलले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याची जवळची कल्पना तडीपारीवरून येईल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढतात. तो नागरिक राहतोच, फक्त ठरलेल्या हद्दीत पाऊल ठेवू शकत नाही. आजच्या इंग्रजीत 'रेलिगेट'चा हा शिक्षेचा अर्थ मागे पडला आहे, पण सांगाडा तोच टिकला : कोणाला तरी किंवा कशाला तरी मूळ जागेवरून उचलले आणि कमी महत्त्वाच्या जागी नेऊन ठेवले.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'पदावनती' नाही, तो आहे 'रवानगी'. 'नवी गादी आली आणि जुन्या गादीची रवानगी माळ्यावर झाली.' या वाक्यातून 'माळ्यावर' काढून पाहा. 'जुन्या गादीची रवानगी झाली' असे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कुठे? 'रेलिगेट'ही असाच प्रश्न उभा करते. म्हणून वाक्य लिहिण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारा : कुठून आणि कुठे? 'कुठून' सांगितले नाही तरी बहुधा चालते. 'कुठे' सांगावेच लागते. नाहीतर ते वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असले पाहिजे.

(एक मर्यादा लक्षात ठेवा. 'आरोपीची न्यायालयीन कोठडीत रवानगी' या बातमीतल्या रवानगीला 'रेलिगेट' लावायचे नाही. तिथे इंग्रजीत 'रिमांड' हे क्रियापद येते.)

पायरी ३ : वाक्याचा सांगाडा उभा करा

'रेलिगेट' सकर्मक आहे. कोणीतरी कोणालातरी रेलिगेट करतो. मराठी माणसाची सर्वांत मोठी चूक इथेच होते, आणि तिचे कारण मराठीतच आहे. आपण म्हणतो, 'संघ दुसऱ्या विभागात घसरला', 'संघ खाली गेला'. ही क्रियापदे अकर्मक आहेत. तोच साचा इंग्रजीत नेला की 'द टीम रेलिगेटेड टू द सेकंड डिव्हिजन' असे वाक्य तयार होते. त्याचा अर्थ, संघाने दुसऱ्याच कोणाला तरी खाली पाठवले, आणि कोणाला ते सांगायचे राहून गेले. बरोबर वाक्य : 'द टीम वॉज रेलिगेटेड टू द सेकंड डिव्हिजन.' म्हणजे कर्मणी प्रयोग. प्रत्यक्ष वापरात हे क्रियापद बहुतेक वेळा कर्मणीतच भेटते, म्हणून नवख्याने आधी तोच साचा पाठ करावा :

अमुक + वॉज किंवा वेअर किंवा हॅज बीन + रेलिगेटेड + टू + ठिकाण.

'वॉज' गळले की वाक्य कोसळते. पुन्हा वाचताना फक्त हे एक तपासले तरी निम्म्या चुका सापडतात.

कर्तरी प्रयोगही चालतो, पण त्यात कर्ता बहुधा माणूस नसून घटना असते : 'दॅट डिफीट रेलिगेटेड देम टू द सेकंड डिव्हिजन.' पराभवाने त्यांना खाली ढकलले. मराठीत घटनेला असे कर्त्याच्या जागी बसवणे जड वाटते. भाषांतर करताना 'त्या पराभवामुळे ते दुसऱ्या विभागात गेले' असे मोकळे करून घ्या.

आता शब्दयोगी भाग. 'रेलिगेट'नंतर येते ते 'टू'. 'इन' नाही, 'इनटू' नाही, 'ॲज' नाही. 'टू'नंतर नाम यायला हवे. क्रियापद आणायचेच असेल तर त्याचे 'इंग' रूप. राखीव खेळाडूवर मैदानात पाणी नेण्याची वेळ आली, तर 'ही वॉज रेलिगेटेड टू कॅरिइंग ड्रिंक्स' असे म्हणायचे. 'टू कॅरी ड्रिंक्स' चूक. कारण इथला 'टू' म्हणजे 'च्यासाठी' नाही, 'कडे, च्या जागी' असा दिशा दाखवणारा आहे. ज्यांना 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यातला 'इंग' का येतो हे कळले आहे, त्यांना हाही कळेल.

'डाउन' जोडू नका. 'रेलिगेटेड डाउन टू' म्हणजे 'खाली उतरून खाली जाणे'. दिशा क्रियापदातच आहे.

'टू'नंतर 'द' केव्हा, हा प्रश्न नवख्यांना फार छळतो. ठरावीक जोड्या थेट लक्षात ठेवणे सोपे जाते. 'द'सह येतात : टू द बेंच (राखीव बाकावर), टू द बॅकग्राउंड (पार्श्वभूमीला), टू द साइडलाइन्स (बाजूला), टू द मार्जिन्स (परिघावर), टू द इनसाइड पेजेस (आतल्या पानांवर), टू द स्टेटस ऑफ (च्या दर्जावर). 'द'शिवाय येतात : टू सेकंड प्लेस, टू हिस्टरी. 'अ' लागते : टू अ फुटनोट, टू अ सपोर्टिंग रोल. यांतल्या पाच-सहा जोड्या तोंडात बसल्या की रोजच्या वाचनातल्या बऱ्याचशा वाक्यांत त्याच परत भेटतात.

पायरी ४ : कोणत्या क्षेत्रातले वाक्य आहे ते ओळखा

खेळ. सर्वांत जास्त वापर इथे. साखळी स्पर्धांचे थर असतात. हंगामाअखेरी तळाचे संघ खालच्या थरात जातात आणि त्या खालच्या थरातले अव्वल संघ वर येतात. वर जाणे ते 'प्रमोशन', खाली जाणे ते 'रेलिगेशन'. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ ३८-३८ सामने खेळतात आणि तळाचे तीन 'चॅम्पियनशिप' या दुसऱ्या थरात जातात. २०१५-१६ मध्ये विजेतेपद मिळवणारा लेस्टर सिटी २०२२-२३ च्या अखेरीस रेलिगेट झाला, एका हंगामात परत वर आला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा खाली गेला. ठिकाण सर्वांना माहीत असल्यामुळे इथे 'लेस्टर वेअर रेलिगेटेड' एवढे वाक्य पुरते. पायरी २ मध्ये सांगितलेला अपवाद तो हाच. ब्रिटिश इंग्रजीत संघाला अनेकवचन लावतात, म्हणून 'वेअर'. भारतीय वर्तमानपत्रांत दोन्ही दिसते. एका लेखात एकच पाळा.

क्रीडापानावरची सोबतची शब्दावलीही लागेल. 'रेलिगेशन झोन' म्हणजे गुणतक्त्यातल्या त्या तळाच्या जागा. 'रेलिगेशन बॅटल' म्हणजे खाली जाऊ नये म्हणून चाललेली झुंज. बोलताना चाहते 'रेलिगेट' क्वचितच म्हणतात. ते 'गो डाउन' आणि 'स्टे अप' म्हणतात. गप्पांत तेच वापरा.

आयपीएलमध्ये रेलिगेशन नाही, म्हणून केवळ आयपीएल पाहणाऱ्याला ही कल्पना परकी वाटते. रणजी करंडकात मात्र ती आहे. २०२३-२४ च्या हंगामानंतर गोवा आणि मणिपूर हे संघ वरच्या एलिट गटातून खालच्या प्लेट गटात गेले. गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कौठणकर यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला अरुणाचल प्रदेशाविरुद्ध नाबाद ६०६ धावांची भागीदारी केली, ती गोवा असा प्लेट गटात असताना. त्या हंगामात गोव्याने प्लेट गट जिंकला आणि एलिटमध्ये परत गेला. इंग्रजीत एका वाक्यात : 'गोवा, रेलिगेटेड टू द प्लेट ग्रुप आफ्टर २०२३-२४, वन प्रमोशन द फॉलोइंग सीझन.' स्वल्पविरामांच्या मधल्या तुकड्यात 'वॉज' गळाले आहे आणि तरी वाक्य बरोबर आहे, कारण तिथे 'रेलिगेटेड' विशेषणासारखे वापरले आहे आणि मुख्य क्रियापद 'वन' हे आहे. हा साचा बातमीदारांना फार उपयोगी पडतो. हॉकीतही हेच घडते : २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये तळाला राहिलेला भारतीय महिला संघ नेशन्स कप या खालच्या थराच्या स्पर्धेत गेला.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक सापळा सांभाळावा. जर्मनमध्ये 'रेलेगात्सिओन' म्हणजे खाली जाणे नव्हे. बुंडेसलिगातल्या १८ संघांपैकी शेवटचे दोन थेट खाली जातात. सोळाव्या क्रमांकाचा संघ दुसऱ्या थरातल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळतो, आणि त्या सामन्यांना हे नाव आहे. प्रत्यक्ष खाली जाण्याला जर्मन 'आबश्टीग' म्हणतात. जर्मन बातमीवरून इंग्रजी किंवा मराठी मजकूर करताना हा शब्द जसाच्या तसा उचलला, तर जो संघ अजून वाचू शकतो तो बुडाला असे छापून येते.

लष्करी प्रशिक्षण. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षांच्या सहा सत्रांचा अभ्यासक्रम असतो. परीक्षा, शारीरिक चाचण्या, शिस्त यांत कमी पडलेल्या कॅडेटला 'रेलिगेट' करतात : तो आपल्या तुकडीबरोबर पुढे न जाता मागून येणाऱ्या तुकडीत बसतो आणि सहा महिने मागे पडतो. दुखापतीमुळे बराच काळ प्रशिक्षण बुडालेल्यालाही हे घडू शकते, म्हणून रेलिगेशन म्हटले की शिक्षाच झाली असे गृहीत धरू नये. इथे 'पदावनत' हे भाषांतर तर साफ चूक, कारण कॅडेटला अजून पद मिळालेलेच नाही. 'मागच्या तुकडीत टाकले' किंवा 'सत्र पुन्हा करायला लावले' असे लिहा. कॅडेट आपसात 'तो रेलिगेट झाला' म्हणतात; मराठीत 'होणे' लावले की ते बरोबर चालते. तेच इंग्रजीत नेताना 'ही रेलिगेटेड' नव्हे, 'ही वॉज रेलिगेटेड' किंवा बोलताना 'ही गॉट रेलिगेटेड'.

न्यायालय. भाषांतरकार सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली कोणी उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन येतो. कायद्यात अपिलाची किंवा लवादाची दुसरी वाट उपलब्ध असेल, तर न्यायालय बऱ्याचदा म्हणते, आधी तिकडे जा. आदेशात वाक्य येते : 'द पिटिशनर इज रेलिगेटेड टू द ऑल्टरनेट रेमेडी ऑफ अपील.' याचिकाकर्त्याचा दर्जा कुठेही कमी झालेला नाही. याचिका गुणदोषांवर फेटाळलेलीही नाही. त्याला फक्त दुसऱ्या दाराशी पाठवले आहे. मराठीत : 'याचिकाकर्त्याने अपिलाच्या पर्यायी मार्गाने जावे, असा आदेश न्यायालयाने दिला.' 'याचिका फेटाळली, याचिकाकर्ता हरला' अशी बातमी इथे धडधडीत चुकीची ठरते आणि पक्षकाराचे नुकसान करू शकते. 'रेलिगेटेड टू अ सिव्हिल सूट' असे दिसले, तर 'दिवाणी दावा दाखल करून दाद मागावी' असा अर्थ घ्या. इथला अर्थ लॅटिन मुळाच्या सर्वांत जवळचा आहे : पाठवून देणे, एवढाच.

सामाजिक आणि वैचारिक लेखन. इथे मात्र क्रियापदात मत दडलेले असते. 'विमेन वेअर रेलिगेटेड टू द किचन' असे लिहिणारा केवळ माहिती देत नाही, अन्याय झाला असे म्हणतो. 'द रिपोर्ट वॉज रेलिगेटेड टू अ फुटनोट' म्हणजे अहवालाला अधिक मान मिळायला हवा होता. म्हणून तटस्थ अहवालात, विशेषतः कार्यालयीन टिपणीत, हे क्रियापद जपून वापरा. 'फाइल दुसऱ्या विभागाकडे पाठवली' हे सांगायला 'ट्रान्सफर' किंवा 'फॉरवर्ड' पुरे. 'रेलिगेट' म्हटले, तर तो विभाग कमी लायकीचा आहे असे तुम्ही लेखी म्हटल्यासारखे होते.

पायरी ५ : शेजारच्या शब्दांपासून वेगळे करा

'डिमोट' हा सर्वांत जवळचा शेजारी. लॅटिन दिसत असला तरी तो तरुण आहे : 'प्रमोट'मधला 'प्रो' काढून तिथे 'डी' लावून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तयार झालेला. त्यामुळे तो 'प्रमोट'चा नेमका उलटा आहे आणि पायऱ्यांची शिडी असेल तिथेच बसतो. हवालदाराला शिपाई केले, कर्णधाराला उपकर्णधार केले : डिमोट. उच्चारात जोर दुसऱ्या भागावर, 'मोट'वर. हुद्द्याच्या नावाआधी 'अ' किंवा 'द' बहुधा लागत नाही : 'डिमोटेड टू कॉन्स्टेबल'. फलंदाजीच्या क्रमात खाली उतरवले तर 'डिमोटेड', आणि कर्णधार आपण होऊन खाली आला तर 'ही डिमोटेड हिमसेल्फ'. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या रूपरेषा दृश्यात मथळा एक पातळी खाली नेण्याच्या बटणालाही 'डिमोट'च म्हणतात. तिथे 'रेलिगेट' कोणी म्हणणार नाही, कारण मोजण्याजोगी पायरी आहे.

दोन्हींचा फरक एकाच घटनेवर पाहायचा तर प्लूटो घ्या. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. 'प्लूटो वॉज डिमोटेड फ्रॉम प्लॅनेट टू ड्वार्फ प्लॅनेट' : दर्जाची एक पायरी खाली. 'प्लूटो वॉज रेलिगेटेड टू द कॅटेगरी ऑफ ड्वार्फ प्लॅनेट्स' : उचलून दुसऱ्या गटात ठेवला. दोन्ही बरोबर, नजर वेगळी. या घटनेवरून इंग्रजीत 'टू प्लूटो' असे क्रियापदच निघाले, म्हणजे एखाद्याची किंमत किंवा दर्जा कमी करणे, आणि अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने 'प्लूटोड' हा २००६ चा शब्द म्हणून निवडला. तो रोजच्या वापरात टिकला नाही, त्यामुळे अर्ज किंवा निबंधात वापरू नका. ओळखता आला म्हणजे झाले.

'डेलिगेट' दिसायला जुळा भाऊ, अर्थाने वेगळा. एकाच 'लेगारे'ची ही दोन अपत्ये. काम आणि अधिकार सोपवून पाठवले तर 'डेलिगेट', बाजूला काढून पाठवले तर 'रेलिगेट'. 'आय रेलिगेटेड द वर्क टू माय असिस्टंट' असे लिहिले, तर ते काम क्षुल्लक होते आणि सहायकही, असा वास येतो. बहुतेकांना म्हणायचे असते 'डेलिगेटेड'. मुलाखतीत ही चूक महागात पडते.

'डाउनग्रेड' श्रेणीसाठी : पतमानांकन, विमानाचा वर्ग, हॉटेलची खोली. स्टँडर्ड अँड पूअर्स या पतमानांकन संस्थेने ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेचे मानांकन उतरवले, तिथे 'डाउनग्रेड' हेच क्रियापद. 'डिग्रेड' मात्र मानहानी किंवा गुणवत्तेचा ऱ्हास दाखवते. माणसाची पदावनती सांगायला ते नको. 'साइडलाइन'मध्ये पद तसेच राहते, काम काढून घेतलेले असते. 'कन्साइन'मध्ये परतीची वाट नसते. रेलिगेट झालेला संघ पुढच्या वर्षी वर येऊ शकतो, 'कन्साइन' झालेली गोष्ट सहसा परत येत नाही.

सरकारी नोकरीची कागदपत्रे हाताळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे 'रेलिगेट' नाही आणि 'डिमोट'ही सहसा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये शब्द आहेत 'डिसमिस्ड', 'रिमूव्हड' आणि 'रिड्यूस्ड इन रँक'. मराठीत बडतर्फ करणे, पदावरून दूर करणे आणि पदावनत करणे. शिस्तभंगाच्या कारवाईचे इंग्रजी भाषांतर करताना 'रिडक्शन इन रँक' हाच शब्दप्रयोग ठेवा. तात्पुरती पदोन्नती संपून कर्मचारी मूळ पदावर परत गेला, तर ते 'रिव्हर्शन'. ते शिक्षा असेलच असे नाही, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नका. चौकशीशिवाय शिक्षा दिली का, हा वाद नेमका या फरकावर उभा राहतो.

पायरी ६ : मराठीत आणताना शब्द नव्हे, ठिकाण पकडा

एकच प्रतिशब्द सगळीकडे लावण्याचा हट्ट सोडा. इंग्रजी वाक्यात 'टू'नंतर काय आहे ते पाहा आणि त्यावरून क्रियापद निवडा. खालचा विभाग असेल तर 'घसरला' किंवा 'खालच्या गटात गेला'. बाक, माळा, अडगळ असेल तर 'रवानगी झाली'. तळटीप, आतले पान असेल तर 'तळटीपेत ढकलले', 'आतल्या पानावर टाकले'. भूमिका असेल तर 'दुय्यम भूमिकेवर समाधान मानावे लागले'. जुनी पद्धत विस्मरणात गेली असेल तर 'अडगळीत पडली'. न्यायालय असेल तर 'मार्ग अवलंबावा असे सांगितले'.

'पदच्युत' कधीही वापरू नका. पदच्युत म्हणजे पदावरूनच काढलेला. राजा पदच्युत होतो. रेलिगेट झालेला कुठेतरी असतोच. हा गोंधळ छापील मजकुरातही दिसतो, कारण 'पदावनत' आणि 'पदच्युत' ऐकायला जवळचे वाटतात. च्युत म्हणजे गळून पडलेला, अवनत म्हणजे खाली झुकलेला. एवढी फोड लक्षात ठेवली की चूक होत नाही.

पायरी ७ : हाताने लिहून पाहा

खालची वाक्ये आधी झाकून स्वतः इंग्रजीत करा, मग ताडून पाहा.

'सलग पाच पराभवांनंतर क्लब तिसऱ्या विभागात गेला.' नेहमीची चूक : 'द क्लब रेलिगेटेड इन थर्ड डिव्हिजन.' बरोबर : 'आफ्टर फाइव्ह स्ट्रेट डिफीट्स, द क्लब वॉज रेलिगेटेड टू द थर्ड डिव्हिजन.' तीन दुरुस्त्या : 'वॉज' आले, 'इन'चे 'टू' झाले, 'द' लागले.

'तिला फक्त चहा-पाण्याची व्यवस्था बघायला ठेवले.' चूक : 'रेलिगेटेड टू अरेंज टी'. बरोबर : 'शी वॉज रेलिगेटेड टू अरेंजिंग टी.'

'साहेबांनी हिशेबाचे काम माझ्याकडे दिले.' इथे 'रेलिगेट' येतच नाही. काम विश्वासाने दिले आहे : 'माय बॉस डेलिगेटेड द अकाउंट्स टू मी.'

'निरीक्षकाला उपनिरीक्षक केले.' शिडी स्पष्ट आहे : 'द इन्स्पेक्टर वॉज डिमोटेड टू सब-इन्स्पेक्टर.' आदेशाच्या कागदावर : 'रिड्यूस्ड इन रँक'.

'नव्या पुलामुळे जुन्या रस्त्याचे महत्त्व कमी झाले.' इथे थांबा. कुठे गेला, हे वाक्यात नाही, म्हणून 'द ओल्ड रोड वॉज रेलिगेटेड' एवढेच लिहिले तर ते लंगडे राहते. एकतर ठिकाण पुरवा, 'द न्यू ब्रिज रेलिगेटेड द ओल्ड रोड टू लोकल ट्रॅफिक', म्हणजे जुना रस्ता फक्त गावातल्या वाहतुकीपुरता उरला. नाहीतर क्रियापद बदला आणि 'द ओल्ड रोड लॉस्ट इट्स इम्पॉर्टन्स' असे सरळ लिहा.